‘सगळेच पितात’ हे खरे आहे काय?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस नेवासा तालुक्यातील एका वाडीवर सायंसभेकरिता गेलो होतो. सभा संपून मंडळी पांगली, तेव्हा एक विधवा बाई मागे राहिल्या. त्यांचे पती दारूपायी अकाली गेले. एकुलता एक मुलगा एकोणीस वर्षांचा. उसाच्या हंगामात तो ट्रॅक्टरवर जातो, एरवी मिळेल ते काम करितो. अलीकडे आठवड्यातून दोनतीन रात्री तो तोंडाला वास घेऊन घरी येऊ लागला होता. मी काही बोलण्यापूर्वीच बाई आपली आपणच समजूत घालावी तशा म्हणाल्या, “आता सगळेच पेतात, पाळकसाहेब. माझंच एकलं पोरगं कसं निराळं राहील?”

मी त्यांस धीर दिला, मुलाशी बोलेन असे वचन दिले आणि निघालो. परंतु वाटेने ते एकच वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. हे वाक्य खरे असेल, तर आपला सारा उपदेश वाऱ्यावर आहे. कारण सगळे जग एका वाटेने चालले असता एकट्या पोराने दुसरी वाट धरावी असे आपण म्हणत आहो. आणि हे वाक्य खोटे असेल, तर एक मोठे असत्य आपल्या घराघरांत शिरले आहे, आणि गुत्त्याचे अर्धे काम ते फुकट करीत आहे. आईच हरली, तर मुलास अडवील कोण?

‘सगळेच पितात’ हे वाक्य मोजणीचे आहे. आणि मोजणीचे वाक्य ताडून पाहता येते. म्हणून ह्या धड्यात आपण उपदेश थोडा बाजूस ठेवू आणि हिशेब करू.

१. डोळ्यांस काय दिसते

प्रथम हे पाहू की, असे वाक्य माणसाच्या तोंडी येते तरी का. संध्याकाळी नेवासा फाट्यावर उभे राहा. दारूच्या दुकानापुढे दहापंधरा माणसे उभी आहेत, दोघे मोठमोठ्याने भांडत आहेत, एक रस्त्याच्या कडेस आडवा झाला आहे. हे सारे दिसते आणि ऐकूही येते. परंतु त्याच घटकेस त्याच फाट्यावरून शेकडो माणसे हातात भाजीची पिशवी घेऊन, सायकलीवर किंवा मोटारसायकलीवर मूल बसवून, मुकाट्याने घरी जातात. त्यांची दखल कोणी घेत नाही. “आज अमका माणूस न पिता घरी आला,” अशी बातमी गावात कोणी सांगत नाही. जो पितो त्याची चर्चा होते, जो पीत नाही तो मोजणीतून गळतो.

दुसरे असे की, लग्नाची वरात, जत्रा आणि निवडणूक ह्या तीन प्रसंगी दारू उघडपणे बाहेर येते; आणि त्याच प्रसंगी सारा गावही एकत्र आलेला असतो. त्यामुळे थोड्यांचे वागणे सर्वांच्या डोळ्यांपुढे घडते, आणि ते सर्वांचेच आहे असा भास होतो.

तिसरे कारण अधिक नाजूक आहे. जो पितो तो पिणाऱ्यांमध्ये बसतो. त्याच्या भोवतीच्या दहांपैकी आठ पीत असतील, तर दहांपैकी आठ हेच जगाचे प्रमाण आहे असे त्यास प्रामाणिकपणे वाटते. तो खोटे बोलत नाही. त्याने केवळ चुकीच्या ठिकाणी मोजणी केली आहे.

२. मोजणी करणाऱ्यांस काय आढळले

कोणताही आकडा वाचताना तीन प्रश्न विचारावे. कोणाची मोजणी केली? किती काळातील वागणे विचारले? आणि विचारले कसे? हे तीन प्रश्न न विचारता आकडा तोंडपाठ करणारा मनुष्य वजन न पाहता पोते उचलणाऱ्यासारखा होय.

आपल्या देशात अलीकडे अशा दोन मोठ्या मोजण्या झाल्या आहेत. पहिली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविली. २०१७-१८ मध्ये १८६ जिल्ह्यांतील दोन लाखांहून अधिक घरांत जाऊन ४,७३,५६९ माणसांस प्रश्न विचारण्यात आले, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत अहवाल प्रसिद्ध झाला. दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या माणसांपैकी ज्यांनी मागील बारा महिन्यांत दारू घेतली त्यांस पिणारे धरिले. उत्तर असे आले: शेकडा १४.६. पुरुषांत हे प्रमाण शेकडा २७.३, आणि स्त्रियांत शेकडा १.६. त्यातही दहा ते सतरा वर्षांच्या मुलांमुलींत पिणारे शेकडा १.३ च आढळले.

दुसरी मोजणी म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. तिची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ ह्या काळात झाली. तीत पंधरा वर्षे व त्यावरील पुरुषांत पिणारे शेकडा १८.८ आणि स्त्रियांत शेकडा १.३ आढळले. खेड्यांत पुरुषांचे प्रमाण शेकडा १९.९ व शहरांत १६.५ निघाले, म्हणजे दारू ही शहरचीच चाल आहे हा आपला समजही टिकत नाही.

वाचक विचारील, एक मोजणी २७ म्हणते, दुसरी १९ म्हणते, मग खरे कोणते? दोन्ही आपापल्या परीने खऱ्या आहेत. वयाची मर्यादा वेगळी, काळ वेगळा आणि प्रश्न विचारण्याची रीतही वेगळी, म्हणून आकडा वेगळा. परंतु दोघींची साक्ष एका गोष्टीवर जुळते. शंभर पुरुष एका ओळीत उभे केले, तर त्यांपैकी पिणारे १९ ते २७. आणि न पिणारे ७३ ते ८१. शंभर स्त्रिया उभ्या केल्या तर न पिणाऱ्या ९८ हून अधिक. पुरुष व स्त्रिया मिळून पाहिले तर आपल्या देशातील दर सात माणसांपैकी सुमारे सहा पीत नाहीत.

‘पूर्वी असे नव्हते, आता फार वाढले,’ हेही आपण नेहमी ऐकतो. कुटुंब आरोग्य पाहणीच्या तीन फेऱ्या शेजारी ठेवून पाहा. पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या पुरुषांत पिणाऱ्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये शेकडा ३१.९ होते; २०१५-१६ मध्ये ते २९.२ झाले, आणि २०१९-२१ मध्ये २२.४. ह्यावरून दारूचा खप घटला असे म्हणता येत नाही, कारण लोकसंख्या वाढली आहे, आणि पिणारा मनुष्य किती पितो हे ह्या आकड्यात येत नाही. परंतु पिणाऱ्यांचा वाटा वाढत चालला आहे असे निदान ह्या मोजणीवरून तरी दिसत नाही.

३. आपला प्रांत, इतर प्रांत आणि जग

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील पुरुषांत पिणारे शेकडा १३.९ आढळले, आणि स्त्रियांत शेकडा ०.४. म्हणजे शंभर पुरुषांत चौदा. आपल्या शेजारच्या गोव्यात पुरुषांचे प्रमाण सुमारे ३७, तेलंगणात ४३. अरुणाचल प्रदेशात पुरुषांत ५३ आणि स्त्रियांतही २४. उलट लक्षद्वीप बेटांवर पुरुषांत हजारात चार.

एवढा फरक का पडावा? हवा, भूक, श्रम किंवा माणसाचा मूळ स्वभाव हेच दारूचे कारण असते, तर सर्वत्र प्रमाण जवळजवळ सारखे राहिले असते. परंतु ईशान्येकडील डोंगरी मुलुखात तांदळाची दारू घरोघरी गाळली जाते आणि पाहुण्यास आदराने दिली जाते. तेथे स्त्रियाही ती घेतात. म्हणजे पिणे हे बव्हंशी चालीवर अवलंबून आहे. ‘कष्टाच्या माणसास दारू लागतेच’ असे म्हणणाऱ्याने आपल्याच तालुक्यातील स्त्रियांकडे पाहावे. ऊसतोडीस जाणारी बाई पुरुषाइतकीच पहाटे उठते, त्याच्या बरोबरीने मोळ्या वाहते, वर घरी येऊन चूल पेटविते. तिला दारू लागत नाही. तिचे अंग दुखत नाही काय?

आणि ‘सगळे जग पिते’ असे म्हणणाऱ्यास जागतिक आरोग्य संघटनेचा २०१८ सालचा अहवाल दाखवावा. २०१६ मध्ये जगातील पंधरा वर्षांवरील माणसांपैकी शेकडा ५७ माणसांनी वर्षभरात दारू घेतली नव्हती. चित्रपटांत आणि जाहिरातींत जे जग दिसते ते सर्व जग नव्हे.

४. ‘लोक खोटे सांगतात’

येथे चतुर वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो योग्य आहे. घरी आलेल्या अनोळखी माणसास कोण सांगेल की, मी पितो? स्त्रिया तर मुळीच सांगणार नाहीत. जेथे दारूबंदी आहे तेथे भीतीही आहे. हे सर्व खरे आहे, आणि मोजणी करणाऱ्यांसही ते ठाऊक असते.

तर मग ह्या आक्षेपास पूर्ण मान देऊन हिशेब करू. समजा, महाराष्ट्रात जितक्यांनी कबूल केले तितक्यांनीच लपविले. मग चौदाचे अठ्ठावीस झाले. तरी शंभरातील बहात्तर पुरुष पीत नाहीत. देशाचा मोठा आकडा २७ घेतला, आणि आणखी निम्म्यांनी लपविले असे धरिले, तरी ४१ होतात. न पिणारे ५९ उरतात. ‘सगळेच’ हा शब्द काही केल्या सिद्ध होत नाही.

बिहारचे उदाहरण येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथे एप्रिल २०१६ पासून पूर्ण दारूबंदी आहे. तरी पाचव्या फेरीत तेथील पुरुषांत पिणारे शेकडा १५.५ आढळले, म्हणजे दारूची दुकाने उघडी असलेल्या महाराष्ट्रापेक्षाही किंचित अधिक. ह्यावरून कायदा व्यर्थ आहे असा अर्थ काढण्याची घाई करू नये; बंदीपूर्वी तेथे किती पीत होते हे पाहिल्यावाचून तसे म्हणता येणार नाही. परंतु कायद्याने दुकान बंद होते, चाल बंद होत नाही, आणि चाल मोडण्याचे काम घराने व गावाने करावयाचे असते, एवढे त्यावरून खास समजते.

५. पिणारे थोडे, नासाडी पुष्कळ

आता नाण्याची दुसरी बाजू. पिणारे थोडे आहेत असे ऐकून कोणी निश्चिंत बसेल, तर तो ह्या धड्याचा अर्थच उलटा करील.

शेकडा १४.६ हे ऐकावयास लहान वाटते. परंतु एवढ्या मोठ्या देशात त्याचा अर्थ सुमारे सोळा कोटी माणसे. महाराष्ट्राच्या एकूण लोकसंख्येहूनही हा आकडा मोठा आहे. ह्या पिणाऱ्यांपैकी दर पाचांत सुमारे एक मनुष्य असा आढळला की, तो दारूचा धनी राहिला नसून दारू त्याची धनीण झाली आहे. असे व्यसनाधीन लोक सुमारे दोन कोटी नव्वद लाख. आणि ज्यांस दारूमुळे अपाय होत असून मदतीची गरज आहे असे सर्व मिळून पाच कोटी सत्तर लाख.

आपल्याकडे पिणारा मनुष्य पितो काय, हेही पाहावे. पिणाऱ्यांचे दोन मोठे वर्ग म्हणजे देशी दारू घेणारे आणि विलायती पद्धतीची कडक दारू घेणारे; प्रत्येकी शेकडा तीसच्या सुमारास. बिअरमध्ये मद्यार्क शेकडा पाचसहा असतो. ह्या कडक दारूत तो शेकडा चाळीसच्या आसपास. आपल्या तालुक्यात सोनई व भेंडे येथे साखर कारखाने आहेत, म्हणून मळी काय ते आपणास सांगावयास नको. साखर काढून उरलेल्या ह्या काळ्या चिकट पाकात पाणी व किण्व घातले की तो आंबतो, आणि आंबलेले द्रव तापवून त्याची वाफ निवविली की मद्यार्क मिळतो. हाच मद्यार्क पेट्रोलमध्येही मिसळितात आणि औषधांसही लागतो. पदार्थ एकच, तो कोठे ओतावयाचा हे माणसाच्या हाती आहे.

परवान्याच्या दारूखेरीज हातभट्टीची आणि बनावट दारू आहे, तिचे भय निराळेच. तीत मिथाइल अल्कोहोल नावाचे विष शिरले, तर डोळे जातात आणि प्राणही जातो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणी भागात अशा दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. आणि २०१७ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, पांगरमल येथे, निवडणुकीच्या दिवसांत दिलेल्या जेवणावळीतील बनावट दारूने अनेक घरांतील कर्ते पुरुष गेले. फुकट मिळालेल्या पेल्याची ती किंमत.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट अशी की, ही मोजणी डोकी मोजते, घरे मोजीत नाही. पिणारा एक, भोगणारी पाच. कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांस पतीच्या वागणुकीविषयीही विचारण्यात आले. ज्यांचे पती वारंवार झिंगतात अशा स्त्रियांपैकी शेकडा ७० स्त्रियांनी पतीकडून शरीरावर अत्याचार झाल्याचे सांगितले. ज्यांचे पती मुळीच पीत नाहीत त्यांत हे प्रमाण शेकडा २३ होते. हे तेवीसही आपणास खाली मान घालावयास लावणारे आहे, आणि दारू हेच मारहाणीचे एकमेव कारण नव्हे हे त्यावरून कळते. तथापि तेवीस आणि सत्तर ह्यांमध्ये जे अंतर आहे ते दारूने भरले आहे.

आणि ह्या व्यसनाधीनांपैकी उपचार किती जणांस मिळतो? अडतिसांत एकास. रुग्णालयात राहून उपचार तर एकशे ऐंशींत एकास. क्षयाच्या रोग्यांत अशी स्थिती असती, तर आपण गप्प बसलो असतो काय?

६. जुन्या काळाची साक्ष

कोणी म्हणेल, दारू तर पूर्वापार चालत आली आहे. खरे आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या नेवाशाच्याच मातीत सापडला आहे. १९५४ ते १९५६ ह्या काळात डॉ. हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी ह्यांनी प्रवरेच्या काठी उत्खनन केले. त्यात फार प्राचीन वस्तीच्या खुणांबरोबर, समुद्रापलीकडून द्राक्षारस किंवा तेल भरून येणाऱ्या परदेशी कुंभांचे तुकडेही मिळाले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नेवाशाच्या कोणा श्रीमंताने दूरदेशीचा द्राक्षारस चाखला असेल. परंतु असे तुकडे थोडे, आणि पाण्याच्या व धान्याच्या साध्या मडक्यांचे तुकडे अगणित. जुने असणे म्हणजे सर्वांचे असणे नव्हे.

आणि दारू जितकी जुनी, तितकाच तिला झालेला विरोधही आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असता १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढविण्यास त्यांनी लेखी विरोध केला. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले, त्यास लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. दोघांची मते अनेक बाबतीत भिन्न. पण ह्या बाबतीत बोट एकाच दिशेस. पुढे १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. तोच पुष्कळ बदलांसह आज महाराष्ट्रात लागू आहे. पुष्कळांस ठाऊक नाही की, ह्या कायद्याप्रमाणे दारू पिण्यास आजही परवाना लागतो, आणि पंचवीस वर्षांखालील कोणासही देशी किंवा कडक विलायती दारू विकता येत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाती जो पेला देतो, तो कायदा मोडतो.

७. हिशेबावरून कर्तव्य

हा हिशेब कळल्यावर चार गोष्टी आपल्या हातून व्हाव्यात.

पहिली, घरात मुलांपुढे ‘सगळेच पितात’ हे वाक्य पुन्हा उच्चारू नये. ते खोटे आहे, आणि ते ऐकून मुलास असे वाटते की, न पिणारा मी एकटाच वेडा. त्याऐवजी त्यास सांगावे की, तू पुष्कळांमध्ये आहेस. जे पितात ते थोडे आहेत.

दुसरी, जो व्यसनात सापडला आहे त्यास केवळ शपथ घालून किंवा कोंडून ठेवून सुधारू पाहू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर कंप सुटतो, फेफरे येते, भ्रम होतो. प्रसंगी प्राणावर बेतते. यास्तव दारू सोडविणे हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक असून त्यास पैसे पडत नाहीत. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण केंद्र आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ह्या संघाच्या सभा आपल्याकडेही भरतात. तेथे पूर्वी पिणारेच एकमेकांस सावरितात. अडतिसांतील एक ही संख्या वाढविणे आपल्या हाती आहे. एका माणसास रुग्णालयापर्यंत सोबत करणे हे मोठे काम आहे.

तिसरी, गावातील दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांच्या मतदानाची तरतूद आहे. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ ह्या नावाने ती सर्वत्र परिचित आहे. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. तीतही शेकड्याचा हिशेब नीट समजून घ्यावा. आलेल्या मतांपैकी निम्मी मते मिळून भागत नाही; मतदार यादीतील एकूण स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. समजा, यादीत हजार स्त्रिया आहेत. सहाशे आल्या आणि चारशे नव्वद जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान उघडेच राहील. घरी बसलेली प्रत्येक बाई न कळत दुकानाच्या बाजूस मोजली जाते.

चौथी, वरात, जावळ, वास्तू आणि निवडणूक ह्या प्रसंगी आपल्या दारी दारू येऊ देऊ नये. जेथे सर्व गाव पाहतो तेथेच चाल बनते, आणि तेथेच ती मोडता येते.

८. त्या मुलाचे उत्तर

काही दिवसांनी मी पुन्हा त्या वाडीवर गेलो. बाईंस मोठमोठे आकडे न सांगता एवढेच म्हटले, “बाई, तुमच्या आळीतले पुरुष बोटांवर मोजा. नावे मोठ्याने घेऊ नका. आधी पिणारे मोजा, मग न पिणारे.” त्या मोजू लागल्या. पिणाऱ्यांस दोन्ही हातांची बोटे पुरली. न पिणाऱ्यांस पुरली नाहीत. त्या घटकाभर स्वतःच्या हातांकडे पाहत बसल्या, आणि म्हणाल्या, “हे कधी ध्यानातच आलं नाही.”

मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, “ते खरं असंल, साहेब. पण मी ज्यांच्यात बसतो ते पेतात.”

मला त्याचा राग आला नाही. त्याने ह्या साऱ्या धड्याचे मर्म एका वाक्यात सांगितले होते. देशाचा शेकडा कागदावर असतो. मनुष्य जगतो तो आपल्या भोवतीच्या दहा जणांत. मी त्यास म्हटले, “मग बाबा, दारू सोड असे मी तुला आज म्हणत नाही. तू कोणत्या दहांत बसावेस एवढे ठरव. तुझ्याच आळीत न पिणारे पुष्कळ आहेत. संध्याकाळी त्यांच्यापैकी एकाच्या ओट्यावर जाऊन बस.” त्याने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. दुसऱ्या आठवड्यात तो एका शेजाऱ्याच्या ओट्यावर बसलेला मला दिसला. त्यानंतर तो पुन्हा वास घेऊन आल्याचेही आईकडून कळले. काम चालू आहे. परंतु त्या आईने ‘सगळेच पितात’ असे म्हणणे सोडले आहे, आणि त्यामुळे त्या घरात मुलास अडविणारे एक माणूस पुन्हा उभे राहिले आहे.

सभेत विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या आळीतील शंभर पुरुषांत किती पीत असतील असा तुमचा अंदाज होता? हा धडा वाचल्यावर तो बदलला काय?

२. दोन मोजण्यांचे आकडे वेगळे असूनही दोन्ही खऱ्या कशा असू शकतात, हे आपल्या शब्दांत सांगा.

३. यादीत आठशे स्त्रिया असतील, तर दुकान बंद होण्यास आडव्या बाटलीस किमान किती मते हवीत?

४. रोज पिणाऱ्यास एकाएकी कोंडून ठेवण्यात कोणता धोका आहे?

५. व्यसन सोडू पाहणाऱ्या तरुणास बसावयास तुमचा ओटा मोकळा आहे काय?